मार वाटून घेणाऱ्या बहिणी

पेंग युन-जूला कुणी विचारलं, बाई, तू कारखान्यात काय काम करतेस, की ती सरळ सांगायची, "मारते." विचारणारा दचकायचा. मग ती हसून खुलासा करायची, अहो माणसं नाही, ड्राइव्ह.

तायपेइच्या दक्षिणेला, जुपेइ गावातल्या त्या कारखान्यात बसगाड्यांच्या कॅमेऱ्यांसाठी फ्लॅशचे ड्राइव्ह बनत. गाडी रस्त्यावर आहे तोवर कॅमेरा बघतो आणि ड्राइव्ह लिहितो, जागा संपली की जुनं पुसून त्याच जागी नवं लिहितो. बाजारात जाण्याआधी प्रत्येक नव्या जातीतले काही ड्राइव्ह युन-जूच्या खोलीत मरायला यायचे. भट्टीत भाजायचे, भाजल्या भाजल्या गोठवणाऱ्या कपाटात ढकलायचे. थरथरत्या पाटावर घट्ट बांधून सांधे खिळखिळे होईपर्यंत हादरवायचे. आणि सगळ्यात क्रूर प्रकार म्हणजे लिहिता लिहिता मध्येच वीज तोडायची. शुद्धीवर येऊ द्यायचं, परत तोडायची. कुठल्या घावाला कोण कसं मेलं हे बघायचं आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना सांगायचं, म्हणजे ते पुढचा जास्त चिवट बनवणार.

खोलीतल्या सगळ्या यंत्रांच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. हिरवंच लागतं, तारीख उलटलेलं चालत नाही. त्याने यंत्र शहाण्यासारखं वागतं. भट्टीवर होतं, कपाटावर होतं, ड्राइव्ह लावायच्या फळीवर तेवढं नव्हतं.

"मरायला आलेल्याला कसला खाऊ!" असं चुंगदादा म्हणायचा. चुंगदादा म्हणजे खात्याचा प्रमुख, कंबर धरून चालणारा, तोंडाने फाटका पण मनाने बरा माणूस. युन-जू नवी होती तेव्हा त्यानेच तिला शिकवलं होतं. "हे बघ, फ्लॅशमध्ये लिहायचं म्हणजे विजेचे कण भिंतीतून ठोकून आत घालायचे. पुसायचं म्हणजे धक्का मारून तेच कण बाहेर ओढायचे. सुटं सुटं पुसता येत नाही, अख्खा कप्पा एकदम झोडावा लागतो. दर वेळी भिंत जराशी झिजते. आणि एक दिवस तिच्याने काहीच धरवत नाही."

"एकाच कप्प्याला सारखं झोडलं तर?"

"तर तो आधी मरणार. म्हणून मार सगळ्यांना वाटून द्यायचा. त्यातच सगळी अक्कल आहे."

 ही अक्कल युन-जू लहानपणीच शिकून आली होती.

तिचं घर शिनपू गावचं, पर्सिमनची गोड फळं वाळवणाऱ्या हक्का जमातीतलं. नवव्या महिन्याचा कोरडा वारा सुटला की अंगणभर बांबूच्या गोल थाळ्या मांडायच्या, त्यांत सोललेली केशरी फळं. काठावरच्या थाळ्यांना वारा जास्त, मधल्यांना कमी, म्हणून रोज थाळ्यांच्या जागा फिरवायच्या. नाही फिरवल्या तर काठची फळं करपतात आणि मधल्यांना बुरशी धरते. बाप पेंग शुई-लाई या कामात पंचक्रोशीत नावाजलेला. गावच्या यिमिन देवाच्या उत्सवात नैवेद्याला त्याच्या घरची फळं जात. आणि घरी याच माणसाच्या हातात कावडीचा दांडा असे.

तांदळाची दारू पोटात गेली की त्याला कारण लागत नसे. आई होती तोवर सगळा मार आईने खाल्ला. मुलींना मागे ढकलून ती पुढे उभी राहायची, दर वेळी तीच. एका सकाळी चुलीपाशी उकडलेला भात उपसता उपसता ती खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या बाया म्हणाल्या, रक्ताचा दोष. तिला न्हाऊ घालताना तिच्या पाठीचा रंग ज्यांनी पाहिला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. देवाला सगळं दिसतं म्हणतात. त्या दिवशी त्या बायांनाही दिसलं होतं.

त्यानंतर थोरली चिन-लान आपसूक पुढे उभी राहू लागली. हिवाळा संपेतो तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली, ती कायमची. एके दिवशी थाळ्या फिरवताना युन-जूच म्हणाली, "ताई, थाळ्यांसारखं करू या. आज तुझा नंबर, उद्या माझा."

"तू लहान आहेस."

"मग तू मेल्यावर सगळा मलाच खायचाय ना?"

चिन-लानने तिला एक टपली मारली, आणि मग दोघी हसल्या. त्या दिवसापासून नंबर लागले. बाप फाटकातून आत येताना पावलं वाकडी पडताना दिसली, की ज्या बहिणीचा नंबर ती मुद्दाम समोर जायची. वाटी फोडायची, उलट बोलायची, दांडा आपल्याकडे ओढून घ्यायची. दुसरी आतल्या खोलीत धाकट्या भावाचे कान दाबून धरायची.

भाऊ वेइ-शान नंबरात नव्हता. तो पूर्वजांपुढे धूप लावून घराणं पुढे चालवणारा एकुलता मुलगा. त्याच्यावर बापाने बोटही उगारलं नाही, आणि बहिणींनीही कधी त्याला पुढे केलं नाही. तो गुबगुबीत गालांचा, कोऱ्या कातडीचा वाढला. पुढे तायपेइत नोकरीला लागला, आणि नववर्षाच्या सणाला आला की जेवताना बापाकडे बघून म्हणायचा, "आपा म्हणजे देवमाणूस." दोघी बहिणी खाली मान घालून त्याच्या वाटीत मांसाचे तुकडे वाढायच्या.

युन-जू कारखान्यात लागली आणि जुपेइला खोली घेऊन राहिली. चिन-लानचं लग्न झालं नाही. बाप, फळं आणि पूर्वजांचा देव्हारा तिच्याकडे राहिला. नंबर लावायला दुसरं कुणी उरलं नाही. बाप म्हातारा झाला होता, पण फळांच्या थाळ्या उचलून उचलून त्याचे दंड अजून लोखंडाचे होते.

त्या वर्षी कारखान्यात तक्रारींचा पाऊस पडला. बसगाड्यांमधले ड्राइव्ह मुदतीच्या कितीतरी आधी मरून परत येऊ लागले. युन-जूच्या खोलीत तर ते उत्तम टिकले होते! वरच्या मजल्यावर आरडाओरडा झाला, मोठ्या साहेबांनी चुंगदादाच्या टेबलावर मेलेले ड्राइव्ह मूठभर भिरकावले, त्यातला एक त्याच्या चष्म्याला लागला.

चुंगदादाने एक प्रेत उघडलं. कुठल्या कप्प्याने किती मार खाल्ला त्याचं चित्र पडद्यावर काढलं. जास्त मार तो काळा, कमी मार तो पांढरा. एका बाजूला गच्च काळा पट्टा, आणि बाकी सगळं पांढरं शुभ्र.

"बघितलंस? अर्ध्याहून जास्त कप्पे कुंवार आहेत," चुंगदादा म्हणाला. "गाडीचा प्रोग्रॅम, रस्त्यांचे नकाशे, तिकिटांचे दर, हे एकदा लिहिलं की लिहिलं. त्याला कोणी हात लावत नाही. ते ज्या कप्प्यांत जाऊन बसलं ते कप्पे मजेत. आणि कॅमेऱ्याची चित्रं लिहायला जे उरले, ते बिचारे आपापसात मार वाटून घेत मेले. आपण इथे मारताना ड्राइव्ह रिकामे ठेवतो, म्हणून आपल्याला दिसलंच नाही."

युन-जू पडद्याकडे बघत राहिली. "वेइ-शान," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. माझा भाऊ."

तोडगा सुचायला वेळ लागला नाही, वरच्या पोरांना तो पुस्तकातून ठाऊकच होता, फक्त घाईत गाळला होता. झिजून गेलेल्या कप्प्यांत त्या न हलणाऱ्या फायली नेऊन ठेवायच्या. तिथे त्यांना कुणी छेडत नाही, म्हाताऱ्या कप्प्याला विसावा मिळतो. आणि रिकाम्या झालेल्या ताज्या कप्प्यांनी आता मार खायचा. भांडण झालं ते कितीदा हलवायचं यावर. हलवणं म्हणजेसुद्धा एक लिहिणं आणि एक पुसणं, दोन घाव. फार हलवलं तर ड्राइव्ह हलवण्यानेच मरतो, शिवाय कॅमेरा ताटकळतो तो वेगळाच.

पहिला नमुना युन-जूच्या हातात आला. तिने फायली हलत असतानाच नेमकी वीज तोडली. परत दिली तेव्हा ड्राइव्ह वेड्यासारखा झाला होता, आपण कोण हे त्याला सांगता येईना. जुनी जागा पुसून झाली होती, नवी अजून पक्की बसली नव्हती, आणि मधल्या मध्ये फाईल गेली.

"कुठल्या गाढवाने असा प्रोग्रॅम लिहिला?" चुंगदादा ओरडला. "आधी नवीन जागा पक्की करायची, वाचून खात्री करायची, मगच जुनीला हात लावायचा!"

"दादा, गाढवाची सही तुमचीच आहे," वरचा एक पोरगा म्हणाला.

खोली हसली. चुंगदादाही हसला आणि कंबर धरून नवं लिहायला गेला. युन-जूही हसली. आधी नवी जागा पक्की करायची, हे वाक्य तिने ऐकलं, पण मनात धरून ठेवलं नाही.

त्याच आठवड्यात ती शिनपूला गेली. चिन-लान ओट्यावर बसून फळं सोलत होती. ओठ फाटलेला, डाव्या कानाला कापूस.

"पडले," चिन-लान म्हणाली.

"कशावर?"

"दांड्यावर." आणि फाटक्या ओठाने हसली. हसताना तिला कळ आली. डॉक्टरने कानात बॅटरी टाकून सांगितलं होतं, आतला पडदा फाटलाय, डोक्याच्या या बाजूला आणखी एक फटका बसला तर पुढचं मी बघणार नाही, पुढचं देव बघेल.

युन-जूने पिशवीतून हिरवं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं.

"हे काय?"

"यंत्र शांत राहावं म्हणून ठेवतात."

"मग आपाच्या उशाशी ठेव!" चिन-लान म्हणाली, आणि दोघी तोंड दाबून हसल्या, कारण आपा आतच घोरत होता.

"ताई, चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

"आणि थाळ्या कोण फिरवणार? आईपुढे धूप कोण लावणार?"

"वेइ-शान लावेल."

चिन-लानने सोलता सोलता सुरी थांबवली. "त्याला नको ग ओढूस. त्याने कधी मार खाल्ला नाही. त्याला खाता येत नाही."

"शिकेल. सगळा कोराच आहे तो."

परतताना ती यिमिन देवाच्या देवळात थांबली. कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात धरून तिने विचारलं, देवा, भावाला घरी आणू ना? चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. देव हसला. देव हसला की समजायचं, तुझा प्रश्नच नीट नाही, नीट मांड आणि परत विचार. हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. युन-जूला बस पकडायची होती. तिने मनाशी म्हटलं, हसला म्हणजे खूश आहे, आणि चंद्रकोरी उचलून जागच्या जागी ठेवल्या.

तायपेइला वेइ-शानच्या घरी त्याची बायको चहा ठेवून आत गेली. युन-जूने त्याला सगळं सांगितलं. आईपासून सांगितलं, नंबरापर्यंत.

"तायडे, काहीही काय बोलतेस! आपा माझ्यावर कधी..."

"तुझ्यावर नाही. म्हणून तर तुझी कातडी कोरी आहे." तिने बाही वर केली. कोपराच्या वर दांड्याच्या टोकाची खूण होती. "ही तू शाळेच्या गाण्यात बक्षीस मिळवलंस त्या दिवसाची. तुझे कान दाबायला त्या दिवशी ताई होती."

वेइ-शानचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या कानावर हात ठेवून ताई गाणं म्हणायची," तो सावकाश म्हणाला. "मला वाटायचं खेळ आहे."

"हंगामभर सुट्टी काढ. घरी राहा. आता तुझा नंबर."

तो तयार झाला. रडत तयार झाला. आणि इथे युन-जूने ती चूक केली. चिन-लानला ती म्हणाली, "दोन दिवस थांब, त्याला थाळ्या फिरवायच्या दाखव, मग नीघ."

वेइ-शानला घेऊन युन-जू शिनपूला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच झालं. वारा जोरात होता, वेइ-शानने दोन थाळ्या नीट न टेकवता ठेवल्या आणि त्या उलटल्या. फळं मातीत गेली. बाप ओट्यावर पीत बसला होता. तो उठला, आणि सवयीने चिन-लानकडे वळला.

"तुला इतकी वर्षं झाली, अक्कल नाही आली?"

"आपा, माझ्या हातून पडल्या," वेइ-शान म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस, बाळा." आणि दांडा उचलला.

वेइ-शान मध्ये आला. दांडा त्याच्या खांद्यावर बसला. आयुष्यातला पहिला. तो कळवळला नाही, नुसता बापाकडे बघत राहिला, जणू बाप एखाद्या परक्या भाषेत बोलला होता. बापही थबकला. मग दारूनेच पुढचा हात उचलला. दुसरा घाव कपाळावर आला, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं.

युन-जू फाटकापाशी होती. तिला वाटलं होतं तो सोसेल. भिंतीसारखा सोसेल. पण ताईने सांगितलं होतं तेच खरं, त्याला मार खाता येत नव्हता. खायला लहानपणापासून शिकावं लागतं, पाठ कशी फिरवायची, डोकं कुठे लपवायचं, कुठल्या क्षणी खाली बसलं की दांडा थांबतो. वेइ-शानला यातलं काही येत नव्हतं. त्याने बापाच्या हातून दांडा हिसकला आणि मारत सुटला.

तोंडाने आवाज नाही, नुसता मारतोय. बाप थाळ्यांच्या घडवंचीवर कोसळला, बांबू मोडले, केशरी फळं त्याच्या अंगाखाली चिरडली. गुडघ्यावर, बरगड्यांवर, ढाल केलेल्या हातांवर दांडा पडत होता, आणि तो लोखंडी दंडांचा माणूस लहान पोरासारखा "आई ग" म्हणत होता.

"वेइ-शान!" युन-जू धावली. पण तिच्या आधी चिन-लान पोचली. जन्मभराची सवय. जिथे दांडा वर जातो तिथे तिचं शरीर आपोआप मध्ये जातं. वेइ-शानला हात आवरता आला नाही. दांडा तिच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधोमध बसला आणि हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या अंगणात ऐकू गेला. डोकं बोटभराने वाचलं.

मग सगळं थांबलं. वेइ-शानने हातातल्या दांड्याकडे पाहिलं आणि तो दूर फेकला, साप असावा तसा. बाप चिरडलेल्या फळांत पडून होता. आणि चिन-लान मातीत बसून, मोडका खांदा दुसऱ्या हाताने धरून, भावाला म्हणत होती, "काही नाही झालं, बाळा. काही नाही झालं."

गाडीतून दवाखान्यात नेताना युन-जूने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "ताई, माझं चुकलं. आधी तुला बाहेर काढायचं होतं. आधी तुझी जागा पक्की करायची होती."

"काय जागा?"

"काही नाही. झोप."

दवाखान्यातून चिन-लान परत शिनपूला गेली नाही, तिला थेट जुपेइच्या खोलीत आणलं. वेइ-शानने ताईच्या गादीसाठी खोलीतलं सामान स्वतः हलवलं, कपाळावर टाके होते तरी. पूर्वजांच्या देव्हाऱ्यातून आईच्या नावाच्या धुपाची राख चिमूटभर लाल कागदात बांधून तोच घेऊन आला. बापाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. फिर्याद कुणी कुणावर केली नाही. शेजाऱ्यांनी ते सगळं वाऱ्यावर घातलं, वाऱ्याने घडवंची पडली म्हणाले. ज्या बाया आईच्या वेळी गप्प बसल्या होत्या त्यांतली एक तेवढी चिन-लानला भेटायला जुपेइला आली. लोणच्याची बरणी ठेवली, आणि निघताना म्हणाली, "तुझ्या आईला आम्ही न्हाऊ घातलं होतं." 

कारखान्यात चुंगदादाचा नवा ड्राइव्ह आला. युन-जूने या वेळी तो न हलणाऱ्या फायलींनी आधी अर्धा भरला, मग झोडायला घेतला. हलवाहलवीच्या ऐन मध्यात वीज तोडली, पुन्हा पुन्हा तोडली. दर वेळी तो उठला आणि आपली ओळख बरोबर सांगितली. नवी जागा पक्की झाल्याशिवाय त्याने जुनी सोडली नाही. जुने सगळे ज्या मुक्कामाला मरत, तो मुक्काम मागे टाकून तो चालतच राहिला. पडद्यावर काळा पट्टा नव्हता, पांढरंही नव्हतं. सगळीकडे सारखा राखाडी.

"मरत का नाही हा मेला!" चुंगदादा आनंदाने म्हणाला. "खाऊ ठेवलास की काय याच्यावर?"

"नाही," युन-जू म्हणाली. "पण दादा, मार तर सगळाच खाल्लाय याने."

"मग? लिहायचं तर मार आलाच. ते कसं टळेल?"

"इथे नाही टळणार," ती म्हणाली आणि भट्टीचं दार लावलं.

हंगाम संपत आला तेव्हा एका रविवारी खोलीचं दार वाजलं. युन-जूने फटीतून पाहिलं. बाप उभा होता, बरगड्यांना पट्टा, हातात वाळलेल्या फळांचा खोका. फळं काळवंडलेली होती. कुणी थाळ्या फिरवल्या नव्हत्या.

"चिन-लान आहे का?" तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "यंदा सगळी काठाची करपली. मधली बुरशीने गेली. तिला विचार, पुढच्या वर्षी थाळ्या कोण फिरवणार?"

युन-जूने मागे पाहिलं. चिन-लान जेवणाच्या टेबलाशी बसली होती, एक हात झोळीत, दुसऱ्याने वाटीतल्या तांदळाच्या शेवया उचलत. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने उजवा कान दाराकडे वळवला होता. तिने सगळं ऐकलं. इतकी वर्षं त्या आवाजासरशी जी उठून उभी राहायची, ती जागची हलली नाही. फक्त वाकड्या करंगळीच्या हाताने झोळी सारखी केली.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "आपल्या हाताने फिरवा."

आणि वाटीतला रस्सा संपवून म्हणाली, "दार लाव ग. वारा येतोय."